ओल तेवढी डब्यात जाऊ देऊ नका

लातूरच्या आमच्या गल्लीत शिकवणीला आलेली पोरं घरोघरी भाड्यानं राहतात. त्यातली अठरा लेकरं दोन्ही वेळा माझ्याकडं जेवतात. मेस म्हणा नाहीतर खाणावळ म्हणा, बाहेर पाटी कसलीच नाही. मागच्या पडवीत दोन शेगड्या आणि एक लांब सतरंजी, एवढाच पसारा. बारा वर्षं झाली.

सुरुवातीला मला वाटायचं, वाचतं ते बाजारात. तासभर घासाघीस करून किलोमागं दोन रुपये तोडले की मी खूश. मग पहिल्याच पावसाळ्यात ज्वारीच्या कोठीत तळाशी हात घातला, तर बोटांना दाणे लागेचनात, ढेकळं लागली. तेरा किलो ज्वारी चिकटून गोळा झालेली. कुबट वास, मध्ये हिरवट बुरशी. घासाघिशीत वाचवलेलं सगळं त्या तेरा किलोत गेलं, वर पदरचे गेले. शेजारीण म्हणाली, गाईला घाल. नाही घातली. बुरशीचं धान्य जनावरालाही बाधतं, आणि दुभती गाय असली तर ते विष दुधातून फिरून आपल्याच घरात येतं. खड्डा करून पुरली.

त्या दिवशी एक वही केली. काय टाकलं, किती टाकलं, कशानं गेलं. वर्षाअखेर ‘कशानं’चा रकाना वाचत बसले तर निम्म्याहून जास्त ओळींत एकच शब्द होता. ओल. ज्वारी ओलीनं, डाळ ओलीनं, चटणी ओल्या चमच्यानं, कोथिंबीर धुऊन ठेवल्यामुळं. गंमत बघा, ज्या गावाला २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावातल्या माझ्या स्वयंपाकघराचं नुकसान पाणीच करत होतं.

म्हणून पुढं जे सांगते ते बहुतेक ओलीशी भांडण आहे.

ज्वारी

घ्यायची ती रब्बीची. मालदांडी मिळाली तर उत्तमच. खरिपाची हायब्रीड स्वस्त पडते खरी, पण तिचा दाणा भरताना कणसावर पाऊस पडून गेलेला असतो. दाणा काळवंडतो, भाकरी काळसर होते आणि लेकरं ती ताटात ठेवून उठतात. ताटात राहिलेली भाकरी धरली तर स्वस्त कुठली? रब्बीची ज्वारी कोरड्या हवेत पिकते, फाल्गुन-चैत्रात बाजारात येते. तेव्हाच वर्षाची भरून टाकायची. आषाढात कमी पडली म्हणून आणलेलं पोतं दुकानातच ओल पिऊन आलेलं असतं. माझं ते तेरा किलोवालं पोतं आषाढातलंच होतं.

घेताना चार दाणे दाढेखाली धरा. कट्ट वाजून तुकडे झाले तर वाळलेली. दाबल्यावर चपटा झाला, दाताला चिकटला, तर ओल आहे. आडतीवर ओलावा मोजायचं यंत्र असतं, बारा टक्क्यांच्या आत असावा म्हणतात. आपल्याला दाढ पुरे.

घरी आणली की चाळून, पाखडून तीन उन्हं द्यायची. गच्चीवर ताडपत्री, त्यावर बोटभर जाडीचा थर, मधून मधून पायानं सारत राहायचं. वैशाखात वळवाचा भरवसा नाही, म्हणून संध्याकाळी गोळा करून आत घ्यायची. इथपर्यंत सगळेच करतात. चूक होते ती पुढं, आणि ती मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी केली. तिसऱ्या दिवशी चार वाजता, ऊन असतानाच, तापलेली ज्वारी घमेल्यानं कोठीत ओतायला लागले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवरून ओरडल्या, "अगं, तिला आधी निवू दे की! तापल्या माणसावर गोधडी टाकल्यावर घाम येणार का न्हाई?"

तेच होतं बघा. गरम धान्य बंद पत्र्यात गेलं की रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या बाजूला घाम धरतो. तो घाम खाली उतरतो. दिवसभर उन्हात घालवलेली ओल रात्रीत परत. म्हणून शेवटच्या दिवशी ज्वारी घरात चादरीवर पसरून रात्रभर निवू द्यायची, सकाळी हात घातल्यावर गार लागली की मगच भरायची. वहीतल्या नुकसानाचा मोठा आकडा या एका रात्रीनं कमी झाला.

कोठीचंही बघा. मागच्या वर्षीचे चार दाणे पत्र्याच्या सांध्यात अडकलेले असतात आणि सोंडे तिथंच बसलेले असतात. खराट्याच्या काडीनं सांधे कोरून काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, कोठीलाही एक दिवस ऊन दाखवा. ठेवताना खाली विटा, भिंतीपासून वीतभर लांब. जुनी ज्वारी नव्यात मिसळू नका, आधी जुनी संपवा. कोठी गळ्यापर्यंत भरा. मोकळी जागा राहिली की हवा राहते आणि हवेच्या जिवावर किडे राहतात. रोजच्या रोज झाकण उघडायचं नाही. पंधरा दिवसांची ज्वारी एकदम काढून बाहेरच्या डब्यात ठेवायची, तीही पावसाची उघडीप बघून.

कडुनिंबाच्या पाल्याबद्दल सगळे विचारतात. मी घालते, पण सावलीत चुरचुरीत वाळवून. हिरवा पाला घालणं म्हणजे आपल्या हातानं ओल घालणं. आणि खरं सांगू, पाल्यानं किडे मरत नाहीत, येणारे जरा लांब राहतात एवढंच. खरं काम ऊन करतं. ज्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, त्या राहत्या घरात आणूच नका. कुणी कितीही सांगो. झोपलेल्या माणसाला तो वायू कळतसुद्धा नाही.

दळण आठ दिवसांचंच आणायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते. तशी चिरायला लागली तर पीठ टाकू नका. आधण ठेवा, उकळत्या पाण्यात थोडं पीठ उलथन्यानं कालवून झाका, कोमट झालं की उरलेल्या पिठात मिसळून चांगलं मळा. चिकटपणा येतो. वास कडवट येत असेल तर मात्र काही उपाय नाही. बाजरीचं पीठ तर ज्वारीच्याही आधी कडू होतं, ते चार-पाच दिवसांचंच दळावं.

तूर

लातूर, उदगीर म्हणजे डाळीचा मुलूख, तरी आमच्या गल्लीत निम्म्या बायका पुडीची डाळ घेतात. मला ते बघवत नाही. नवी तूर पौष-माघापासून यायला लागते, त्यानंतरच्या दोन महिन्यांत वर्षाची डाळ भरावी. वरणासाठी फुटकी डाळ मागा. चाळणीतून पडलेली ही तुकडा डाळ चवीला तीच, भावाला कमी, आणि शिजते लवकर. पाहुण्यांना दाखवायची थोडीच आहे.

गावाकडून अख्खी तूर येत असेल तर ती तशीच ठेवून देऊ नका, लवकर भरडून डाळ करा. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरून आतून पोखरते, आणि आपल्याला बाहेरून गोल भोक दिसतं तेव्हा खेळ संपलेला असतो. त्याला अख्खा दाणा लागतो. फोडलेल्या डाळीत त्याचं तेवढं फावत नाही. बियाण्यासाठी किंवा उसळीसाठी अख्खी ठेवायचीच असेल तर डब्यात भरल्यावर वरून कोरड्या, चाळलेल्या वाळूचा चार बोटं थर द्या. खालून निघालेला भुंगेरा वाळूतून वर येऊ शकत नाही, वरचा खाली जाऊ शकत नाही. आत्याबाई राख घालायच्या. राखही चालते, फक्त पुढं धुवायला पाणी जास्त जातं.

डाळीला मी एरंडेल लावते. दहा किलोला पाव वाटीच्या आतबाहेर. तेल तळहाताला चोळून मग डाळ हातांनी वरखाली करायची, थेट ओतलं तर एका जागी गोळा होतं. लावल्यावर एक ऊन, एक रात्र निववणं, मग डबा. शिजवण्याआधी कोमट पाण्यानं धुतली की वास राहत नाही.

आता शिजवण्याचं. नवीन मुलगी हाताखाली आली की पहिल्या दिवशी हमखास म्हणते, मावशी, डाळ वाईट आहे, सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा उभाच. डाळ वाईट नसते, बोअरचं पाणी जड असतं. त्यातला क्षार डाळीचा गर घट्ट धरून ठेवतो. आमच्याकडं पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच हा क्षार. मी काय करते सांगते. सकाळी बोअरचं पाणी एका मोठ्या पातेल्यात खळखळून उकळून ठेवते. गार होईपर्यंत बराच क्षार खाली बसतो, वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. पावसाळ्यात गच्चीचं धरलेलं पाणी यासाठीच राखते. पिण्याचा जार विकत येतो, त्यातला तांब्याभर डाळीला दिला तरी गॅसच्या मानानं स्वस्त पडतो.

डाळ अर्धा तास भिजत घाला. कुकरमध्ये हळद आणि चमचाभर तेल. चिंच, टोमॅटो, आमसूल यातलं काही आधी टाकायचं नाही, आंबटानं डाळ आणखी अडून बसते. ते सगळं फोडणीच्या वेळी. एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग बारीक करून आठ-दहा मिनिटं, आणि गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईनं शिट्टी उचलली की आतली फुकटची उष्णता बाहेर. अठरा जणांच्या एका वेळेला पाऊण किलो डाळ शिजवते मी, सिलिंडर पूर्वीपेक्षा चार दिवस जास्त जातो. सोड्याची चिमूट शेवटचा उपाय म्हणून माहीत असू द्या. रोज घालू नका, डाळीतलं सत्त्वही जातं आणि चवही साबणासारखी लागते.

वाळवलेला पाला

चैत्रापासून भाजी महाग होते आणि आषाढापर्यंत तशीच राहते. त्या चार महिन्यांची सोय पौषात करून ठेवायची असते. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात, त्यामुळं शेतकरी खुडायला नाही म्हणत नाही. माझा भाऊ औश्याकडं असतो, त्याच्या रानातून दोन गोण्या येतात. एवढं विचारायचं की फवारा कधी मारलाय. गेल्या पंधरवड्यात मारला असेल तर मी घेत नाही.

हा पाला वाळवण्याआधी धुवायचा नाही. खुडताना बोटं आंबट होतात, चरचरतात, तो आंबटपणा पानावर असतो आणि भाजीची सगळी चव त्यात. काड्या, पिवळी पानं निवडून सावलीत, वारा येईल अशा जागी धोतरावर पसरा, वर जुनी ओढणी टाका. उन्हात टाकला तर पिवळा पडतो, गवतासारखा लागतो. चार-पाच दिवसांत मुठीत धरल्यावर चुरा झाला पाहिजे. नुसता वाकत असेल तर एक दिवस अजून. मग कुस्करून, चाळून पत्र्याच्या डब्यात. दोन गोण्यांचा मिळून एक मोठा डबाच भरतो, पण तेवढाच आषाढ काढतो.

या पाल्याची घोटलेली भाजी, म्हणजे गरगटं, असं करते. आठ जणांना धरा: दोन मोठ्या मुठी पाला पाण्यातून पटकन काढून घ्यायचा, ओंजळभर तुरीच्या डाळीबरोबर आणि मूठभर शेंगदाण्यांबरोबर शिजवायचा. रवीनं घोटून दोन चमचे ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावायचं. फोडणीत लसूण हात सैल सोडून, लाल मिरची, जिरं. पाल्याला स्वतःचा खारटपणा असतो, म्हणून मीठ शेवटी चाखून. करडईचं तेल असेल तर काय सांगू. परभणीकडचा एक पोरगा हे गरगटं आहे म्हणाल्यावर दोन भाकऱ्या जास्त सांगतो, तेव्हा त्या दिवशी काटकसर फसते.

बारीकसारीक पटकन सांगून टाकते. कोथिंबीर आणल्यावर धुवू नका. देठ कापून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, लागेल तेवढीच धुवा. कापलेले देठ ठेच्यात. शेंगदाणे शक्य तर टरफलासकट घ्या, टरफलातले लवकर खवट होत नाहीत. कूट आठवड्याचाच करा, आणि जवसाची, कारळाची चटणी वाटीभरच कुटा. चटणीच्या बरणीत आमच्याकडं लाकडी चमचा दोऱ्यानं बांधलेला आहे, कारण ओला चमचा बुडवणारी पोरं सांगून सुधरत नाहीत.

फ्रिज माझ्याकडं एकच आणि वीज जाते. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत मी दोन कुंड्यांचा गारवा करते. मोठ्या मातीच्या कुंडीत लहान कुंडी, मधल्या जागेत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी, वर ओलं पोतं. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून वांगी, गवार, टोमॅटो दोन-तीन दिवस ताजे राहतात. भाज्या धुतलेलंच पाणी यात घालते, वेगळं पाणी लागत नाही. पावसाळ्यात मात्र हे काढून ठेवा. दमट हवेत पाणी उडत नाही, गारवा होत नाही, आणि भाजीला नुसती ओल लागून ती सडते. माझी एकदा अडीच किलो गवार गेली आहे, वहीत तारीख आहे.

येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं आमटीसाठीचं मसालेदार पीठ, घरात असली की भाजी नसल्याची पंचाईत होत नाही. आमच्याकडं लग्नाच्या आधी येसर दळतात, पण मी मेससाठी वर्षातून दोनदा करते. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ सारख्या मापानं, उडदाची डाळ त्याच्या निम्मी. हे वेगवेगळं खमंग भाजायचं, एकत्र भाजलं तर गहू कच्चा आणि बाजरी जळकी. धने, जिरं, लाल मिरची, सुंठ, हळकुंड, थोडा गरम मसाला तेलाशिवाय भाजून सगळं दळायचं. पुष्कळ घरांत खोबरं आणि तीळ घालतात. मी घालत नाही, तेलकट जिन्नस असला की येसर दोन महिन्यांत खवट होते. खोबरं हवं तर आमटी करताना घाला. चार वाट्या पाण्याला दोन मोठे चमचे येसर, आधी गार पाण्यात कालवून मग लसणाच्या फोडणीत ओतायची. गरम पाण्यात थेट टाकली तर गाठी होतात.

उरलेलं

भाताच्या बाबतीत मी काटकसर करत नाही. मे महिन्यात एकदा रात्रीची खिचडी झाकून ओट्यावर ठेवली आणि सकाळी परतून नाश्त्याला दिली. वास चांगला होता. दुपारपर्यंत दोन पोरांना उलट्या. शिजवलेला भात कोमट राहिला की त्यात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही. आता उरलेला भात तासाभरात परातीत पसरून गार करते आणि फ्रिजमध्ये टाकते, दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवते. त्या रात्री वीज गेली असेल तर भात सरळ टाकते आणि वहीत लिहिते.

भाकरीचं उलट आहे. भाकरीतली ओल काढली की ती टिकते. दोन वर्षांपूर्वीच्या वेळ अमावस्येला मी तारखेचा घोळ केला. त्या दिवशी लातूर, धाराशिवकडचं जवळपास सगळं गाव रानात जातं, भज्जी आणि आंबील खातं, दुकानंसुद्धा बंद. मला वाटलं उद्या आहे. सकाळी अठरा जणांच्या भाकऱ्या थापून बसले आणि एक एक पोरगा दारात येऊन सांगायला लागला, मावशी, गावाकडं चाललोय. चाळीस भाकऱ्या उरल्या.

त्या सगळ्यांची कडक भाकरी केली. तुम्हीही अशी करा: भाकरी पूर्ण निवली की तवा अगदी मंद आचेवर ठेवायचा, भाकरी टाकून वरून घडी केलेल्या फडक्यानं कडा दाबत फिरवत राहायचं. पाच-सहा मिनिटं एक बाजू, मग दुसरी. डाग पडता कामा नये, घाई केली की बाहेर करपते आणि मध्ये ओलच राहते. चूल असेल तर निखाऱ्याशेजारी उभ्या करून ठेवल्या तरी होतात. मोडल्यावर पापडासारखी वाजली पाहिजे, मधला तुकडा वाकता कामा नये. जाड भाकरी होत नाही, तिचे तुकडे करून दोन उन्हं द्यायची आणि फोडणीच्या कुटक्यांना वापरायची. गार झाल्या की जुन्या धोतरात गुंडाळून कोरड्या पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत वाफ धरते.

पोरं तिसऱ्या दिवशी परत आली. येसरीची पातळ आमटी केली, त्यात कडक भाकरी चुरून वाढली, वर कांदा. बीडकडच्या एकानं विचारलं, मावशी, हे रोज का नाही करत. रोज करायला रोज चाळीस उरायला पाहिजेत, म्हटलं, आणि त्या दिवशी वहीच्या ‘काय टाकलं’ रकान्यात रेघ मारली.